स्वल्प गाळी

मी संशयी आहे. कुणी तोंडावर तसं म्हटलं तर मला राग येत नाही, कारण ते खरं आहे आणि ते माझ्याकडे आईकडून आलंय. आई रिक्षात बसली की रस्ताभर मीटरकडे बघत बसायची, बाहेरचं शहर तिला दिसायचंच नाही. बेंगळुरात आल्यावर तिचा हा गुण आणखी वाढला, कारण आजूबाजूची माणसं काय बोलतात ते तिला कळेना. जे कळत नाही ते आपल्याविषयीच असणार, असं तिचं ठाम मत होतं. बाबा यावर हसायचे. मला मात्र ते पटायचं.

बाबांची बदली पुण्याहून झाली होती. विमानांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत ते विंड टनेलवर काम करायचे. भल्यामोठ्या बोगद्यात पंख्यांनी वारा सोडायचा, मध्ये विमानाचं छोटं मॉडेल धरायचं आणि वारा त्याच्याशी कसा वागतो ते बघायचं, हा त्यांचा उद्योग. घरीही त्यांचं तेच चालायचं. दोरीवर वाळत टाकलेला टॉवेल कसा फडफडतो यावर ते जेवताना बोलायचे. आई म्हणायची, "यांना टॉवेल दिसतो, तो आत घ्यायचा असतो हे दिसत नाही."

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मारतहळ्ळीच्या पुढे रिंग रोडचे तुकडे नुसते पडून होते, त्यांवर गाड्यांपेक्षा गाई जास्त असायच्या. मी बावीस वर्षांची होते आणि सायकलच्या शर्यतींचं मला वेड लागलं होतं. त्यातही टाइम ट्रायलचं. या शर्यतीत सगळ्यांनी घोळक्याने निघायचं नसतं. एकेकटीला थोड्याथोड्या अंतराने सोडतात, आणि जिला सगळ्यात कमी वेळ लागेल ती जिंकते. कुणाच्या पाठीमागे लपायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, कुणावर विसंबायचं नाही. माझ्या स्वभावाला यापेक्षा चांगली शर्यत सापडली नसती.

त्या वर्षी एप्रिलमध्ये राज्याच्या संघासाठी निवड होती, आणि मुलींसाठी जागा एकच होती. बाबा जूनमध्ये निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं आणि पुण्याला परत जायचं, हे ठरलेलं होतं. पुण्यात एक मावशी माझ्यासाठी स्थळं बघून ठेवत होती. बाबांनी मला सरळ सांगितलं होतं, "निवड झाली तर हॉस्टेल मिळेल, तू इथे राहा. मी आईला समजावतो. नाही झाली तर मात्र चल आमच्याबरोबर." मला पुण्याला जायचं नव्हतं. मला त्या थंड सकाळी, ते रिकामे रस्ते आणि तिथली एकटी असणारी मी, हे सगळं हवं होतं. त्यामुळे ती एक जागा म्हणजे माझं सगळंच होतं.

आणि त्या जागेच्या आड अक्का होती.

आमच्या क्लबात सगळेच तिला अक्का म्हणायचे. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, काटक, गालावर कायम हसू. ती मराठीच होती. पण तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे तिची मराठी ऐकून मला आधी वाटलं की ही माझी नक्कल करतेय. "काय ग, स्वल्प हळू की! सगळी ताकद आजच संपवतीस काय?" असं बोलायची. मध्येच कन्नड शब्द, नामांची लिंगं इकडची तिकडे. माझं कन्नड दुकानापुरतं होतं. स्वल्प म्हणजे थोडं, साकु म्हणजे पुरे, बेड म्हणजे नको, सरी म्हणजे ठीक. तिच्या बोलण्यातलं जे कळायचं नाही तिथे मी अंदाजाने मराठी शब्द बसवून घेत असे, आणि ते मला बरोबरच वाटत असे.

अक्का माझ्याशी फार गोड वागायची. माझ्याहून वेगवान अशी ती एकटीच, आणि तीच मला वळणावर कसं झुकायचं ते शिकवायची. मला ते खटकायचं. जागा एक आणि माणसं दोन असताना कुणी एवढं गोड का वागेल? आईला विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं. "कुठेतरी पाणी मुरतंय," आई म्हणाली.

पाण्यावरूनच सगळं झालं.

तोपर्यंत आम्ही सगळ्या पाण्याची बाटली सायकलच्या तिरप्या दांडीवर अडकवायचो, दूधवाल्यापासून शर्यतवाल्यापर्यंत सगळे अडकवतात तिथेच. बाबांनी एक दिवस मला सराव करताना बघितलं आणि कपाळाला हात लावला. "तू पाठ वाकवतेस, कोपरं आत घेतेस, डोकं खाली घालतेस," ते म्हणाले, "आणि बेसिकली एक नळकांडं वाऱ्यात धरून फिरतेस. ड्रॅग म्हणजे काय ते तुला कळतं का? वाऱ्याने मागे ओढणं. ती बाटली तुला सारखी मागे ओढतेय."

मग त्यांनी आईच्या विणकामाच्या पिशवीतून काळी लोकर काढली. बोटाएवढे तुकडे करून ते बाटलीभोवती चिकटपट्टीने लावले. धागा नीट पडून राहिला तर वारा सुरळीत जातोय, धागा थयथयाट करायला लागला तर तिथे वारा अडतोय, असा हिशेब. एका रविवारी आम्ही मारतहळ्ळीच्या पुढच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. मी जीव खाऊन सायकल मारत होते आणि शेजारून बाबा स्कूटरवर, मान वाकडी करून, रस्त्याऐवजी माझ्या बाटलीकडे बघत चालले होते. एका गाईने त्यांना वाचवलं, म्हणजे ती स्वतःच बाजूला झाली.

दांडीवरच्या बाटलीचे धागे अंगात आल्यासारखे नाचले. मग बाबांनी बाटली पुढे, हँडलवरच्या दोन लांब दांड्यांच्या मध्ये आडवी ठेवली. तिथे धागे शहाण्यासारखे झोपले. पण पहिल्याच खड्ड्यात बाटली उडाली आणि माझ्या गुडघ्यावर आपटली. शेवटी त्यांनी अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून एक कडं बनवलं आणि बाटली सीटच्या मागे तिरकी बसवली. वारा आधी माझ्या पाठीवरून जाणार, बाटली माझ्या आडोशाला राहणार. मी मात्र हात मागे घालून ती काढायला शिकले पाहिजे, एवढंच.

दुसऱ्याच दिवशी अक्काने ते बघितलं. "अय्यो, हे काय ग छान! तुझ्या बाबांना सांग की, मला पण एक करून द्या म्हणून."

मला वाटलं बाबा टाळतील. त्यांनी टाळलं नाही. उलट तिची सायकल दोन दिवस घरी ठेवून घेतली. आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात दोन सायकली उभ्या राहिल्या आणि चपला काढायला जागा उरली नाही. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," आई म्हणाली. मी बाबांशी भांडले. जिला हरवायचं तिच्याच बाटलीचा वारा कशाला काढता? बाबा म्हणाले, "तू बाटलीमुळे जिंकलीस तर त्यात तुझं काय?" हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं, कारण ते आईलाही त्यांनी ऐकवलं. काळी लोकर संपली होती, म्हणून अक्काच्या बाटलीला त्यांनी लाल लोकर लावली, उसवू नये म्हणून टोकांना गाठी मारून, स्वतः तिची सायकल अंगणात पळवत चाचणी घेतली, धागे ओढून काढले आणि सायकल परत केली.

तेव्हापासून आम्ही दोघीच क्लबात वेगळ्या दिसायला लागलो. बाकीच्यांच्या बाटल्या पुढे, आमच्या मागे. लोकांना वाटायचं आमची गट्टी आहे. मी मात्र तिला पाण्यात पाहत होते.

निवडीच्या आठवडाभर आधी तुमकुर रोडवर सराव होता. माझं पाणी संपलं, तर अक्काने तिची बाटली पुढे केली. मी दोन घोट घेतले. आंबट, खारट, दाट. टोपण उघडून आत बघितलं तर तळाशी राखाडी गाळ.

"हे काय आहे?"

"अंबली ग. रागी, तुमची नाचणी, शिजवून, ताक घालून. ताकद येते." ती हसली.

संध्याकाळी माझं पोट बिघडलं. सकाळी गाड्यावरचा वडा खाल्ला होता हे मला आठवलं, पण वड्याला माझ्या हरण्यात काही रस नव्हता. आई म्हणाली, "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तू तर ताकानेच पोळलीस. आता शहाणी हो."

मी शहाणी व्हायचं ठरवलं. पण निवडीची शर्यत तुमकुर रोडवर होती आणि अक्काचं घर यशवंतपूरला, अगदी त्या रस्त्याच्या तोंडाशी. आमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. सायकल आदल्या दिवशी तिच्याकडे ठेवायची, सकाळी तिची आई उकळून गार केलेलं पाणी दोघींच्या बाटल्यांत भरून देईल, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. मी सायकल ठेवायला गेले. तिच्या आईने चहा दिला, आग्रहाने चकली खायला लावली. मी हात धुवायला मागच्या दारी गेले, आणि परत येताना मला पुढच्या खोलीतलं बोलणं ऐकू आलं. अक्का आणि तिचा भाऊ माझ्या सायकलपाशी उभे होते.

"तिच्या बाटलीला स्वल्प गाळी आहे अजून," अक्का म्हणत होती.

"सांग की तिला," भाऊ म्हणाला.

"आता बेड. सांगितलं तर घाबरंल. पण ती गाळीच तिला मारंल बघ अण्णा, शेवटी शेवटी. उद्या सकाळी मीच बघते."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. हात ओले होते ते तसेच राहिले. गाळ. माझ्या बाटलीत थोडा गाळ आहे. तो मला मारेल. शेवटी शेवटी. तिला सांगायचं नाही. गाळ हा शब्द ती स्त्रीलिंगी वापरत होती, पण तिच्या मराठीत अर्धी नामं अशीच साडी नेसलेली असायची. त्यात शंका घेण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. मी आत गेले, हसले, सायकल तिथेच ठेवली आणि बसने घरी आले. बसमध्ये मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त, मला बरं वाटत होतं. इतके दिवस ज्याची शंका होती ते खरं निघालं होतं.

आई ऐकून म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" बाबा ऐकून म्हणाले, "गाळ म्हणजे काय? सेडिमेंट? कसलं? तुझ्याकडे एव्हिडन्स आहे?"

नव्हता. तेवढ्यावरून मी पुढचं ठरवलं. उद्या ते जी बाटली भरून देतील ती ओतून टाकायची नाही. तिला तोंड लावायचं नाही. ती जशीच्या तशी शर्यतीतून परत आणायची आणि बाबांच्या संस्थेतल्या कुणाकडून तपासून घ्यायची. पहाटे घरून पोटभर पाणी पिऊन निघायचं. चाळीस किलोमीटरचीच शर्यत, सकाळची थंड वेळ. पाण्यावाचून भागेल.

सकाळी तिच्या आईने दोन्ही बाटल्या भरून आमच्या हातात दिल्या. बाटल्या पांढऱ्या, जाड प्लास्टिकच्या, आतलं काही दिसायचं नाही. अक्काच्या बाटलीकडे तिच्या आईने फार निरखून बघितलं आणि कन्नडमध्ये तिच्या कानात काहीतरी पुटपुटली. अक्काचं तोंड उतरलं. मी हे टिपलं. कुठली बाटली कुणाची हे तर सांगत नसेल? मग सुरुवातीच्या रेषेपाशी पोचल्यावर अक्का माझ्या सायकलच्या मागे गेली आणि माझ्या बाटलीशी खटपट करू लागली. मी वळले तेव्हा तिचा हात कड्यावर होता.

"काय करतेस?"

"काही नाही ग. आता सरी." आणि तिने माझ्या नजरेला नजर दिली नाही.

आता कुठलीच शंका उरली नाही.

पण शर्यत थंड वेळेत सुटलीच नाही. पुढे एक मालट्रक आडवा पडला होता, तो हलेपर्यंत पोलीस रस्ता मोकळा करेनात. आम्ही रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. ऊन वर आलं. आयोजकांनी एक पाण्याचं पिंप ठेवलं होतं, साखळीला बांधलेला एक ग्लास, सगळे त्याच ग्लासाने पीत होते. पिंपावर झाकण नव्हतं. मी प्यायले नाही. अक्काही प्यायली नाही, हेही मी बघून ठेवलं. एक कॉलेजची पोरगी मात्र तिथे दोनदा जाऊन गटागटा प्यायली. तिची सायकल साधीच होती, आणि तिने शाळेतल्या मुलांची असते तशी पट्ट्याची, टोपणाचाच पेला असलेली निळी बाटली गळ्यात अडकवून पाठीवर टाकली होती. माझ्या शेजारी उभे असलेले बाबा तिच्याकडे बघून कळवळले. "हे वाऱ्यात घंटेसारखं हलणार," ते म्हणाले आणि स्कूटर घेऊन वळणाच्या जागी निघून गेले.

मला आधी सोडलं, माझ्या पाठोपाठ अक्काला. पहिला अर्धा रस्ता मी चांगली गेले. पाठ सपाट, कोपरं आत, मागे ती बाटली बसलेली. तिचं वजन मला जाणवत होतं. मी पुरावा घेऊन चालले होते. घसा कोरडा पडायला लागला तसा मला अक्काचा राग येऊ लागला, आणि रागाने पायात बळ आलं, म्हणून मी तो आणखी वाढवत गेले.

वळणाच्या थोडं अलीकडे अक्काने मला गाठलं. ती शेजारून पुढे गेली, तेव्हा सीटमागची तिची बाटली माझ्या डोळ्यांसमोर आली. टोपण घट्ट बंद. तिच्या ओठांवर पांढरी पपडी. तीही पाणी पीत नव्हती! तिच्याच घरचं पाणी, तिच्याच आईने भरलेलं, आणि ती एक थेंब घेत नव्हती. का? कारण तिला माहीत होतं पाण्यात काय आहे. घाईत बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर, म्हणून ती जपत होती. उन्हाने तापलेल्या डोक्यात हे सगळं लख्ख जुळलं. माझी खात्री पटली आणि मी घशातल्या काट्यांसह पुढे जात राहिले.

परतीच्या रस्त्यावर वारा समोरून होता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पायांत गोळे आले. दोनदा माझा हात आपोआप मागे बाटलीकडे गेला आणि दोनदा मी तो ओढून पुढे आणला. पुढे अक्काही डुलायला लागलेली दिसत होती. एवढ्यात मागून टकटक टकटक असा आवाज आला आणि ती कॉलेजची पोरगी आम्हा दोघींना ओलांडून गेली. निळी बाटली तिच्या पाठीवर आपटत होती, पट्टा फडफडत होता. जाताजाता तिने दाताने टोपण उघडलं, प्यायली, उरलेलं डोक्यावर ओतलं. त्यातले चार थेंब उडून माझ्या तोंडावर आले. ते मी चाटले.

जागा तिला मिळाली. अक्का दुसरी आली आणि मी तिसरी.

एका चिंचेच्या सावलीत आम्ही दोघी आडव्या पडलो होतो. मला रडू येत होतं, पण रडायलाही अंगात पाणी लागतं. बऱ्याच वेळाने अक्का कोपरावर उठली आणि आमच्या दोन सायकलींकडे बघू लागली. सीटच्या मागे दोन बाटल्या, दोन्हींची टोपणं अजून घट्ट बंद.

"तू पाणी का पिली नाहीस ग?" तिने विचारलं.

माझ्यात आता लपवायची ताकद नव्हती. "काल ऐकलं मी तुमचं बोलणं. बाटलीत गाळ आहे म्हणालीस. तो मला मारेल म्हणालीस. अण्णाला."

ती उठून बसली. "गाळ? मी गाळ कधी म्हटलं?"

"स्वल्प गाळ आहे."

"गाळी," ती म्हणाली. "गाळी ग. गाळ नाही, गाळी." मी तशीच बघत राहिले, तेव्हा तिने माझ्या चेहऱ्याजवळ तोंड आणलं आणि माझ्या घामेजल्या कपाळावर जोराने फुंकर मारली. "हे. ही गाळी. वारा. तुझी बाटली स्वल्प उंच होती, गाळी लागत होती. परत येताना समोरून गाळी असते ना, ती मारते. म्हणून सकाळी मी खाली दाबली."

कपाळावर तिची फुंकर गार लागली. बाबांनी दोन महिने घालवून वारा बाटलीपासून लांब ठेवला होता, आणि तोच वारा एका शब्दात बसून माझ्या बाटलीत शिरला होता. मी उलट तिलाच विचारलं, "मग तू का नाही प्यायलीस?"

ती सरकत सायकलपाशी गेली, स्वतःची बाटली काढली आणि तिचा तळ मला दाखवला. चिकटपट्टीच्या कडेखाली लाल लोकरीचा एक तुकडा अडकून राहिला होता, चांगला गाठ मारलेला.

"आईने सकाळी बघितली," ती हळू आवाजात म्हणाली. "लाल दोरा, गाठ मारून. माट आहे म्हणाली. करणी. त्या पुण्याच्या बाईने केली, त्यांच्या घरी दोन दिवस सायकल होती, ती पाणी पिऊ नकोस म्हणून शपथ घातली मला." मग घाईने म्हणाली, "मी असलं मानत नाही. पण तू पण एक थेंब पीत नव्हतीस. वाटेत बघितलं मी. वाटलं, हिला माहीत आहे."

करणी करणाऱ्या त्या पुण्याच्या बाईने, म्हणजे माझ्या आईने, ती लोकर माझ्या स्वेटरसाठी आणली होती. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि मला हसू फुटलं. अक्काही हसली. हसताहसता दोघींचीही गाडी रडण्यावर कधी घसरली ते समजलं नाही. "मला पण पाहिजे होती ग ती जागा," ती म्हणाली. "घरात हे शेवटचं वर्ष म्हणून सांगितलेत." तिलाही कुणीतरी अशी मुदत घातली असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मग आम्ही बाटल्या काढल्या. मी तिची घेतली आणि तिने माझी. साधं उकळलेलं पाणी होतं, उन्हात चहाइतकं गरम झालेलं.

बाबा स्कूटरवरून आले, तेव्हा त्यांना आम्ही काहीही सांगितलं नाही. त्यांनी बाटलीच्या कड्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, "हे इथे खाली कुणी केलं? करेक्ट केलंय."

जूनमध्ये क्वार्टर रिकामं झालं. आम्ही मिरजेच्या गाडीने निघालो. गाडी यशवंतपूरला थांबते, म्हणून अक्का तिथे येते म्हणाली होती. आईने तिला लांबून बघितलं आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली, मी घरी सगळं इतकं समजावून सांगूनही. अक्काने खिडकीच्या गजांतून एक बाटली आत दिली. पांढरी, जाड प्लास्टिकची, तीच.

"अंबली आहे. पुण्यात मिळायची नाही म्हणून आणली."

मी टोपण उघडलं आणि सवयीने आधी वास घेतला. तिने ते बघितलं. ती हसली आणि गजांमधून माझ्यावर फुंकर मारली. गाडी हलली. ती फलाटावर थोडी धावली, मग थांबली. मला तिथेच राहायचं होतं. त्या एका जागेपेक्षाही मला तिच्याबरोबर त्या रस्त्यावर राहायचं होतं, हे मला तेव्हा, गाडीने वेग घेतल्यावर कळलं.

आई म्हणाली, "जपून हं, थोडी चाखून बघ आधी."

मी सगळी प्यायले. तळाशी राखाडी गाळ राहिला होता. बाटली हलवली आणि तोही पिऊन टाकला.